गृहप्रकल्पाची बाग आणि गावची विहीर

मागच्या भागात आपण गटाच्या कर्जवहीबद्दल बोललो. आज बागेबद्दल बोलायचंय. आपल्या परसातल्या बागेबद्दल नाही, तर गावाच्या वेशीला जे नवे गृहप्रकल्प उभे राहतायत, त्यांच्या बागेबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यांच्या बागेशी आपला काय संबंध? आम्हालाही दोन वर्षांपूर्वी असंच वाटत होतं.

आमचं गाव शहरापासून तासाभरावर. वेशीबाहेरचा माळ विकला गेला आणि तिथे दोनशे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. पुढे एकरभर हिरवंगार लॉन, कडेने उंच पाम, मधे कारंजं. आमच्या गटातल्या चौघी तिथे बागकामाला लागल्या. महिन्याला ठरलेला पगार, ऊन असलं तरी सावलीला बसायला जागा, मुकादमाची शिवीगाळ नाही. शेतमजुरीपेक्षा बरंच म्हणायचं.

मग एका एप्रिलमध्ये गटाची बैठक होती. बचतीचे पैसे गोळा करता करता एक काकू बोलून गेल्या, "सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मी त्या लॉनवर पाणी मारते. हातातला पाइप बंद नसतो. आणि घरी आले की हंडा पालथा." त्या महिन्यात गावच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं, विहिरीचा तळ दिसत होता. सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने आवाज चढवला, मोर्चा काढू, त्यांचे बोअर बंद पाडू. काकूंनी शांतपणे विचारलं, "आणि माझा पगार कोण देणार?"

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, भांडायचं की नाही ते नंतर बघू, आधी हिशोब मांडू. वह्या तर आपण रोजच लिहितो.

हिशोब अगदी सोपा आहे, पाटीवर करता येतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते होतं एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. एक गुंठा म्हणजे जवळजवळ शंभर चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्याच्या लॉनला दिवसाला पाचशे लिटर. आता दुसरी बाजू बघा. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं धरलंय. पाचशेला पंचावन्नने भागा. एक गुंठा लॉन नऊ माणसांचं पाणी पितं. चाळीस गुंठ्यांचा एकर घेतला तर वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर, रोज. साडेतीनशेहून जास्त माणसांचं पाणी.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे अख्ख्या वरच्या आळीचं पाणी मी एकटी मारते की." 

मग आम्ही ग्रामपंचायतीत गेलो आणि त्या प्रकल्पाची कागदपत्रं मागितली. तुम्हाला हे माहीत असू द्या, की ज्या प्रकल्पाचं बांधकाम वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असतं, त्याला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने हा नियम आला. मंजुरी मिळाली की बिल्डरला एक पत्र मिळतं, त्यात अटी असतात, आणि त्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीला देण्याची अटही बहुतेक त्याच पत्रात असते. आमच्या पंचायतीत ती प्रत होती. कपाटात, दुसऱ्याच फायलीखाली, पाकीट न फोडलेली. पंधरा-वीस पानं, सगळी इंग्रजीत. बी.ए.ला घेतलेलं इंग्रजी पहिल्यांदा उपयोगी पडलं असं आमच्या सासूबाई अजून सांगतात.

त्यात बागेबद्दल काय काय लिहिलं होतं? आम्हाला वाटलं, सुशोभीकरण करावं वगैरे एखादी ओळ असेल. तसं नव्हतं. ऐंशी चौरस मीटर जागेमागे एक झाड लावायचं आणि जगवायचं, म्हणजे एकरी पन्नास झाडं. झाडं इथल्या मातीतली हवीत. जास्त पाणी पिणारी आणि आजूबाजूला माजणारी झाडं बागेत लावायची नाहीत. झाड तोडलं तर एकाच्या बदल्यात तीन लावायची. सांडपाणी शुद्ध करून ते संडासाच्या टाक्यांना आणि बागेला वापरायचं. पावसाचं पाणी जिरवायला खड्डे आणि पुनर्भरणाचे बोअर घ्यायचे. आणि बांधकाम सुरू करताना जिथे जिथे खोदायचं, तिथली वरची वीस सेंटिमीटर माती काढून बाजूला ढीग करून ठेवायची, आणि शेवटी तीच माती बागेत पसरायची.

ही मातीची अट वाचून आम्ही थांबलोच, कारण सगळं मूळ तिथे आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. आपल्याला कुणी सांगायला नको की शेताचा जीव त्या वीतभर मातीत असतो. शेणखत, पाला, गांडुळं, मुळ्या, सगळं तिथेच. ती माती पाणी धरून ठेवते. आमच्या माळावर काय झालं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्याच महिन्यात जेसीबी आला, वरची माती डंपरमध्ये भरून गेली. कुणाच्या तरी शेतात, नाहीतर वीटभट्टीवर गेली असेल. खाली उरला मुरूम. मग तीन वर्षं तिथे सिमेंट सांडलं, विटांचे तुकडे पडले, ट्रक फिरून फिरून जमीन दगडासारखी झाली. शेवटी वरून चार बोटं लाल माती टाकून तिच्यावर लॉनच्या चटया अंथरल्या. आता अशा जमिनीत पाणी राहील कसं? थोडं वाहून जातं, बाकीचं दुपारपर्यंत उडून जातं, म्हणून संध्याकाळी पुन्हा पाइप. लॉनला पाणी जास्त लागतं हे खरंच, पण मुरमावरच्या लॉनला त्याहून जास्त लागतं. काकू दिवसातून दोनदा पाणी मारत होत्या त्याचं कारण हे होतं. तुमच्या गावात एखादा प्रकल्प नुकता सुरू होत असेल, तर पहिल्या आठवड्यातच जाऊन विचारा की वरच्या मातीचा ढीग कुठे केलाय. नंतर विचारून उपयोग नाही, माती परत येत नाही.

झाडांचं पुढे बघू. त्या बागेत पाम होते, कोनोकार्पस होता, आणि लॉन. कोनोकार्पस म्हणजे ते गडद हिरवं, भराभर वाढणारं, कुंपणाला लावतात ते परदेशी झाड. गुजरात सरकारने २०२३ मध्ये ते लावायला बंदी घातली. आपल्याकडे नर्सरीत अजून सर्रास मिळतं. त्याउलट या माळावर आधी काय होतं? पळस, बहावा, आपटा, कडुनिंब, बांधाला करंज, खडकात करवंदीच्या जाळ्या. या झाडांना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं, "देशी झाड आहे, आपोआप जगेल" असं म्हणून सोडून दिलं तर मरतं. पण एकदा मूळ खाली गेलं की मग पाइप लागत नाही. कुंपणाला मेहंदी, अडुळसा, निर्गुडी. फुलं हवीत तर तगर, कण्हेर. कण्हेर विषारी असते, तेव्हा मुलं खेळतात तिथून लांब. हिरवं गवतच पायाखाली हवं असेल तर आपली हरळी आहे, जी आपण शेतातून उपटून उपटून थकतो आणि गणपतीत दूर्वा म्हणून विकत घेतो. ती उन्हाळ्यात पिवळी पडेल, पण मरणार नाही, पहिल्या पावसात उठून उभी राहील. प्रश्न एवढाच की सदनिका घेणाऱ्याला मे महिन्यात पिवळं गवत चालेल का. आमच्या मते चालायला हवं. माळ मे महिन्यात पिवळाच असतो.

आता सांडपाणी. यंत्रणेला सगळे एसटीपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. शहराच्या हिशोबाने माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. (गावच्या माणसाला ५५ आणि तिथल्या माणसाला १३५, हे ऐकून बैठकीत काय झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.) दोनशे सदनिका, घरटी पाच माणसं, म्हणजे हजार माणसं, एक लाख पस्तीस हजार लिटर. त्यातलं शंभरातलं ऐंशी सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे एक लाख आठ हजार. ते शुद्ध करून संडासाच्या टाक्यांना माणशी ४५ लिटर दिलं तरी साठ हजाराच्या वर उरतं. एकर लॉनला लागतं वीस हजार. म्हणजे एसटीपी चालली तर बागेला बोअरचं एक थेंब पाणी नको.

पण आमच्या इथे संध्याकाळी दिवे लागत ते साठ-सत्तर घरांत. बाकीच्या सदनिका लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेलं. सांडपाणी कमी. तेवढ्यावरही एकराचं लॉन कसंबसं भागलं असतं, पण वीजबिल वाचवायला एसटीपी बंदच ठेवली होती, सांडपाणी पाइपने ओढ्याला सोडलं होतं, आणि बाग बोअरवर होती. तो बोअर आणि आमची विहीर यांत अंतर किती, ते पावलांनी मोजता येईल. हे सगळं आमच्या चौघींना माहीत होतं. एसटीपीची मोटर कधी सुरू असते, बोअरची कधी, कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं, हे बागेत काम करणाऱ्या बाईइतकं कुणालाच माहीत नसतं. फक्त तिला कुणी विचारत नाही.

बागेला पाण्याचं अंदाजपत्रक असावं, ही गोष्ट आम्ही शोधून काढलेली नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २०१५ साली चौथ्या वर्षी सलग दुष्काळ होता. तेव्हा तिथल्या राज्याने नव्या बांधकामांच्या बागांसाठी आधीपासून असलेला नियम कडक केला. पाचशे चौरस फूट किंवा त्याहून मोठी बाग करायची असेल तर आधी कागदावर पाण्याचा हिशोब मांडायचा. तो असा: तिथल्या उन्हा-वाऱ्याने जमिनीतून आणि झाडांतून वर्षभरात जेवढं पाणी उडतं, त्याच्या ५५ टक्क्यांतच घराची बाग भागवायची. दुकानं आणि कचेऱ्यांना ४५ टक्के. कुठलं झाड लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बेरीज त्या आकड्याच्या आत बसली पाहिजे. सगळीकडे लॉन केलं तर ती बसत नाही. शिवाय सारख्या तहानेची झाडं एका जागी लावायची, म्हणजे एका तहानलेल्यासाठी दहा जणांना पाणी पाजावं लागत नाही. आणि उघड्या मातीवर तीन इंच आच्छादन. आपण उसाचं पाचट पसरतो तसं. आम्हाला या नियमातली बेरीज आवडली. आमच्या हाती आलेल्या पत्रात अटी चांगल्या होत्या, पण बागेला दिवसाला इतके लिटर, असा एक ठोक आकडा नव्हता. आकडा नसला की ज्याला जसं वाटेल तसा तो अर्थ लावतो.

पुढे काय झालं ते सांगतो. ग्रामसभेत आम्ही विषय मांडला. "लॉन बंद करा" असं आम्ही म्हटलं नाही. पत्रातल्या अटी वाचून दाखवल्या, मराठीत, एक एक करून, आणि विचारलं की यातली कुठली पाळली जातेय. प्रकल्पाकडून एक इंजिनिअर साहेब आले होते. ते म्हणाले, एसटीपी चालू आहे. काकू मागून उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, दिवाळीपासून मोटरच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली वॉचमनकडे आहे, मी रोज बघते." आम्हाला भीती वाटली की दुसऱ्या दिवशी काकूंना कामावरून काढतील. काढलं नाही, पण दोन महिने त्यांना कारंज्याजवळचं दगड वेचायचं काम दिलं. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की बोललं की सगळं सुरळीत होतं.

पंचायतीने लेखी पत्र दिलं. दरम्यान तिथे राहणारी माणसंही वैतागली होती, कारण महिन्याचा देखभालखर्च वाढत चालला होता आणि टँकर तर त्यांनाही घ्यावा लागत होता. त्यांची सोसायटी आमच्याशी बोलली, बिल्डर नाही. मग एसटीपी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस बागेत वास मारायचा, चौघींनी तोंडाला फडकी बांधून काम केलं. नंतर कमी झाला. एकरातलं निम्मं लॉन काढून तिथे पाचट मिसळून खत घातलं आणि देशी झाडं लावली. रोपं आमच्या गटाने पुरवली, साडेतीनशे. पिशवीत बी लावण्यापासून सगळं आम्ही केलं. करंज, कडुनिंबाचं बी ताजं असतानाच लावायचं, बहाव्याचं बी मात्र कठीण, ते खरवडून किंवा गरम पाण्यात टाकून, रात्रभर भिजवून मगच उगवतं. पहिल्या खेपेला आमचं निम्मं बी वाया गेलं. झाडांना ठिबक बसवलं. नवीन मातीला आळं केलं, पाचट टाकलं. पाणी मारायचं काम कमी झालं, पण छाटणी, आळी, रोपं, कंपोस्ट हे काम वाढलं. चौघींपैकी तिघी तिथेच आहेत, काकू आता गटाची रोपवाटिका बघतात.

विहिरीचं म्हणाल तर गेल्या मे महिन्यात तळाला हातभर पाणी होतं. ते बागेमुळे की त्या वर्षी पाऊस बरा झाला त्यामुळे, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि उरलेलं अर्धं लॉन अजून आहे. शनिवार-रविवारी शहरातून लोक येणार असले की बोअर सुरू होतो, तेही आम्हाला माहीत आहे.

तुमच्या गावात असा प्रकल्प असेल तर करायचं काय? आधी ग्रामपंचायतीत मंजुरीच्या पत्राची प्रत विचारा. नसेल तर केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर शोधता येते, मुलांना सांगा, ती काढून देतील. दुसरं, बिल्डरला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर असा दोनदा अहवाल द्यावा लागतो, की अटी किती पाळल्या. तो अहवाल सार्वजनिक असतो. तो मिळवा आणि बागेत काम करणाऱ्या बाईला वाचून दाखवा. खरं काय, खोटं काय, ती पाच मिनिटांत सांगेल. मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि प्रकल्प छोटा असेल, वीस हजार चौरस मीटरच्या आतला? त्याला ही मंजुरी लागत नाही, पण तो मोकळा सुटत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही ती लागू आहे. तिच्यात पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवायची किंवा जिरवायची सोय करावीच लागते. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेच की. सोय केली नाही किंवा बिघडू दिली, तर बांधकामाच्या शंभर चौरस मीटरमागे वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत आकारणी करता येते. रक्कम फार नाही. पण पाऊस किती मोठा असतो ते बघा: शंभर चौरस मीटरच्या छतावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी होतं, थोडं सांडलं-उडालं तरी चाळीस हजार हाती लागतं. आमच्यासारख्या कमी पावसाच्या गावातही.

बोअर किती खोल घ्यायचा, विहिरीपासून किती लांब, त्याचा कायदा वेगळा आहे. तो पुढच्या भागात. तोवर आपापल्या गावातल्या बागेचे गुंठे मोजून ठेवा, आणि पाचशेने गुणा.